पातेली दोन, चूल एकच

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात पहिल्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला होता 'ज्येष्ठांचे आरोग्य'. तो मी थोडा वळवून घेतला आहे. कारण असं, की गेली तीन वर्षं जिन्यात जो भेटेल तो मला एकच विचारतो, "काय साहेब, अजून चालूच आहे का?" चालू काय, तर मटण, मासे, अंडी बंद, आणि वर दूध, दही, तूपही बंद. माझं एकट्याचं बंद. घरात बाकी चौघे, म्हणजे आमच्या सौ., मुलगा, सूनबाई आणि नातू, सगळे खाणारे. रविवारी आमच्या दारातून जो मसाल्याचा वास येतो तो तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे काहींना वाटतं की हे म्हातारं गुपचूप खातं. तर आज सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

ही कल्पना पुण्यात शिकणाऱ्या माझ्या नातीची, मुलीच्या मुलीची. तिने कॉलेजात असताना प्राण्यापासून आलेलं सगळंच सोडलं. इंग्रजीत याला 'व्हीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी तयार केला. दूध-अंडी घेणाऱ्या शाकाहाऱ्यांपासून आपलं वेगळेपण दाखवायला त्यांना नवा शब्द हवा होता. नात सुट्टीला आली की तिचा नि तिच्या आजीचा रोज सामना. मी मधला पंच. एकदा ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही एक वर्ष करून बघा, मग बोला." २०२२ च्या येळवशीला शेतात पोटभर जेवलो आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. वर्षाची मुदत होती, ती आपोआप नूतनीकरण होत गेली. बँकेतल्या मुदत ठेवीसारखी.

आता आपल्या जिल्ह्यात राहून असलं काही करणं म्हणजे गंमतच आहे. आपली ओळख कशावर? शेळीवर आणि खव्यावर. जिल्ह्याचं नाव २०२३ साली धाराशिव झालं, पण शेळी अजून 'उस्मानाबादी'च आहे. काळी, काटक, कमी चाऱ्यावर तगणारी आणि बहुधा जुळी देणारी. आणि भूम तालुक्यात कुंथलगिरी. ते जैनांचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तिथे सल्लेखना घेतली. त्याच परिसरात खव्याच्या भट्ट्या पेटतात, आणि कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. साधारण पाच लिटर म्हशीचं दूध आटवलं की किलोभर खवा निघतो. अशा मुलखात "मी पेढा घेत नाही" म्हणणाऱ्याकडे लोक आजाऱ्याकडे बघावं तसं बघतात.

शेळीशी माझं नातं मात्र ताटातलं कमी आणि टेबलावरचं जास्त. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम १९८० पासून देशभर सगळ्या तालुक्यांत लागू झाला, तेव्हा मी ग्रामीण शाखेत होतो. दहा शेळ्या आणि एक बोकड, असं एक युनिट. शेतमजुराला एकतृतीयांश सबसिडी, बाकीचं कर्ज, आणि शेळ्यांचा विमा. विम्यासाठी प्रत्येक शेळीच्या कानात नंबराचा बिल्ला ठोकायचा. शेळी मेली तर बिल्ला हजर केल्याशिवाय दावा मंजूर होत नसे. बिल्ला नुसता आणला तर तो खरंच मेलेल्या शेळीचा की कानातून काढलेला, हे कसं ठरवायचं? म्हणून लोक बिल्ल्यासकट कान कापून आणायचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला कान माझ्या टेबलावर यायचा, मी नंबर रजिस्टरशी ताडून बघायचो आणि मग चहा मागवायचो. कागदोपत्री मेलेल्या शेळ्याही खूप पाहिल्या, तो वेगळा विषय आहे.

नात मला म्हणते, "आजोबा, त्या कानांमुळेच तुमचं मन वळलं असणार." तसं असेलही. पण त्या रजिस्टरात दुसरीही एक गोष्ट होती, ती मी तिला सांगतो. ज्या बायांच्या नावावर इंचभर जमीन नव्हती, त्यांच्या घरात आजारपण, मुलीचं लग्न, शाळेची फी, सगळं शेळी विकून निघायचं. पाऊस नाही पडला तर ज्वारी जाते. शेळी बोरी-बाभळीच्या पाल्यावर जगते. ज्या मुलखात शेळीने माणसं जगवली, तिथे बोकड खाणाऱ्याला पापी म्हणण्याची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. मी सोडलं ते माझ्या ताटापुरतं.

आणि खरं सांगायचं तर हे आपल्याकडे नवीन नाहीच. नातीला वाटतं इंग्लंडातून आलं. दुधाची गोष्ट सोडली, तर आपल्या प्रत्येक गावात, खाणाऱ्या घरात एक न खाणारा माणूस शेकडो वर्षं सुखाने राहत आलेला आहे. तो म्हणजे माळकरी. तेरला गोरोबाकाकांची समाधी. त्या पंचक्रोशीत तर घरटी एक माळ सापडेल. आमचे थोरले चुलते माळकरी होते. घरात चौदा माणसं, तेरा खाणारी. त्यांचा तवा आणि पितळी पातेलं वेगळं, खुंटीला टांगलेलं. मटण घरातल्या चुलीवर शिजत नसे. परसात तीन दगड मांडून गडीमाणसंच शिजवायची. चुलते आधी जेवून घ्यायचे आणि कंदील घेऊन देवळात भजनाला जायचे. कधी नाक मुरडलं नाही, कधी कुणाला "तुम्हीही सोडा" म्हटलं नाही. आणि घरानेही त्यांना कधी "एक घास खाल्ल्याने काय होतंय" म्हणून छळलं नाही.

जावळ असो, नवसाचं बोकड असो, की दर्ग्याची कंदुरी, माळकऱ्यांचं वेगळं पातेलं आधी चुलीवर चढतं, मग बोकडाचं. हा आपल्याकडचा रिवाज आहे आणि तो कुठल्याही सभेने ठराव करून पाडलेला नाही. गंमत बघा, दोन्ही पातेल्यांत पडतं ते येसर एकच. भाजलेल्या ज्वारी-बाजरी-डाळीचं, धने-खोबऱ्याचं. मटणाच्या रश्शालाही तेच आणि माळकऱ्याच्या आमटीलाही तेच.

हे सगळं मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं. सौ.ने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सोडायचं तुम्ही आणि राबायचं मी?"

भगिनींनो, या प्रश्नावर टाळ्या वाजणार हे मला माहीत होतं. पुरुष माणूस व्रत घेतो आणि त्या व्रताचा स्वयंपाक बाईच्या अंगावर पडतो, हे आपल्या घराघरातलं वास्तव आहे. चुलत्यांचं वेगळं पातेलं रोज घासायचं कुणी? तर चुलतीने. ती स्वतः खाणारी होती, पण चुलते घरी असले की तीही खात नसे. तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून आमच्याकडे पहिल्याच दिवशी करार झाला. रोजची भाजी-भाकरी, वरण-भात सगळ्यांचा एकच. फोडणी तेलाची, तूप ज्याचं त्याने वरून घ्यायचं. बुधवारी आणि रविवारी, म्हणजे मटणाच्या दिवशी, माझं मी करायचं. एकच कट्टा, एकच शेगडी, पण पातेली दोन, आणि माझं पातेलं घासायचं मी.

वयाच्या बहात्तराव्या वर्षी मी शेंगोळे शिकलो. हुलग्याचं पीठ, लसूण, जिरं, तिखट घालून घट्ट मळायचं, हातावर वळायचं आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. थंडीच्या दिवसांत असा झणझणीत प्रकार दुसरा नाही. आता रविवारी नातू मटण खाऊन झाल्यावर माझ्या पातेल्यात वाटी बुडवतो. भाकरी मात्र अजून थापता येत नाही. ती सूनबाईच देते, आणि मी बदल्यात कांदे चिरतो, त्यांच्या रश्शाचेसुद्धा.

लोक पहिली शंका काढतात ती ताकदीची. "साहेब, अंगात काय राहणार?" मी बँकेचा माणूस, ताळेबंद मांडून बघितला. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझं वजन ६५ किलो, म्हणजे रोज ५४ ग्रॅम. आता जमा बाजू. दिवसभरात ज्वारीचं पीठ २०० ग्रॅम, त्यातून २० च्या आसपास. तुरीची डाळ ६० ग्रॅम, त्यातून १३. शेंगदाणे मूठ-दीड मूठ, ४० ग्रॅम, त्यातून १०. हुलगे नाहीतर मटकी ५० ग्रॅम, त्यातून ११. बेरीज करा, ५४. हा काही श्रीमंताचा आहार नाही, आपल्या मातीतलाच आहे. कॅल्शियमसाठी तीळ आहेत. वजनाला वजन लावलं तर दुधापेक्षा कितीतरी पट. शिवाय कारळाची चटणी, जवसाची चटणी, करडईची भाजी, अंबाडी, पाथरी. फक्त एका खात्यात जमा शून्य आहे, ते म्हणजे बी-१२. हे जीवनसत्त्व झाडपाल्यातून मिळत नाही. दूध घेणाऱ्या शाकाहाऱ्याला थोडं मिळतं, मला तेही नाही, आणि उतारवयात ते अंगात मुरायलाही अवघड जातं. म्हणून सुरू करण्याआधीच डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घेतलं आणि गोळी चालू केली. ज्या कुणाला हे करायचं असेल, विशेषतः तरुण मुलींना, त्यांनी गोळीच्या बाबतीत हट्ट धरू नये. नातीलाही मी हेच बजावलं आहे.

मटणापेक्षा दूध अवघड गेलं. मटण आठवड्यातून दोनदा; चहा दिवसातून पाच वेळा. पहिले महिनाभर कोरा चहा म्हणजे शिक्षा वाटायची. आता गवती चहा आणि आलं टाकून जमतं. पण दुसऱ्याच्या घरी गेल्यावर यजमानीण आधीच दूध घालून चहा आणते, तेव्हा काय करायचं? मी गेल्या गेल्या सांगतो, "वहिनी, माझा कोरा." माझ्यासाठी वेगळं आधण ठेवू नका, सगळ्यांच्यातलंच दूध घालायच्या आधी काढा. एवढं सांगितलं की कुणाला त्रास होत नाही.

दुधावरून महात्मा गांधींची गोष्ट आठवते. त्यांनी आफ्रिकेत असताना गाई-म्हशीचं दूध सोडलं. १९१८ च्या दुखण्यात शरीर पार खचलं, डॉक्टर म्हणाले दूध घेतल्याशिवाय भरून येणार नाही. गांधीजी व्रतावर ठाम. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली की शेळीच्या दुधाला तर हरकत नाही! गांधीजींनी ते घेतलं. पण शब्द पाळला आणि अर्थ मोडला, ही टोचणी त्यांना राहिली. आत्मकथेत त्यांनीच लिहिलं आहे. ही गोष्ट मी घरी सांगितल्यापासून आमच्या सौ. अधूनमधून विचारतात, "शेळीचं आणू का?"

देवाधर्माचा प्रश्न थोडा नाजूक. आमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी. नवरात्रात तिथे होमानंतर अजाबलीचा विधी असतो, आणि आमच्या भावकीत नवसाचं बोकड असतंच. पहिल्या वर्षी मी ताट बाजूला सारलं तेव्हा थोरले चुलत बंधू रागावले. "देवीचा प्रसाद नाकारतोस?" वय ऐंशीच्या पुढे, मला सायकलवर डबल सीट शाळेत नेलेला माणूस. मी म्हटलं, "दादा, आपले थोरले अप्पा माळकरी होते. देवी त्यांच्यावर कधी कोपली का? मला अप्पांच्या पातेल्यातलं वाढा." दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग आत जाऊन आमटीचं पातेलं त्यांनी स्वतःच आणलं. त्यानंतर कधी विषय निघाला नाही. पंचामृताचं म्हणाल तर पळीभर तीर्थ मी घेतो. नातीला ते मान्य नाही. ती तिच्या जागी बरोबर असेल, पण गाभाऱ्याच्या दारात पुजाऱ्याशी वाद घालणं माझ्या हातून होणार नाही.

खरी कसोटी गेल्या वर्षी लागली. सौ. बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी तेव्हा डबे दिले, गाड्या दिल्या. ते आम्ही विसरणार नाही. घरी आणल्यावर त्यांचं जेवण तुटलं. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं गेली पाहिजेत, अंडी, सूप, जे जाईल ते द्या. वरण नको, उसळ नको, डाळीचं पाणी समोर आणलं की त्या तोंड फिरवायच्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "पायाचा रस्सा मिळाला तर दोन घोट घेईन." मुलगा नि सूनबाई दोघंही नोकरीवर, नातू शाळेत. घरात मी एकटा.

मी पिशवी घेऊन बाजारात गेलो. दुकानदार ओळखीचा. त्याला माझं सगळं माहीत, तरी काही न विचारता चार पाय भाजून, साफ करून, तुकडे करून दिले. घरी येऊन कुकर लावला. करायचं कसं हे मला कुठे येत होतं? त्या पलंगावरून सांगायच्या, "आता शिट्ट्या मोजा", "आता मिरी टाका", आणि मी कट्ट्याशी उभा. वास मला सहन होत नव्हता, तो भाग सांगायला हरकत नाही. त्यांनी वाटीभर घेतलं. दुसऱ्या दिवशी दोन वाट्या. मग तीन आठवडे मी रोज सकाळी अंडी उकडली आणि दिवसाआड पाया शिजवला, आणि माझी मटकीची उसळ शेजारच्या शेगडीवर. रात्री नातीचा फोन आला. तिला सांगितलं. ती जरा थांबली, मग म्हणाली, "आजीला बरं वाटतंय ना? मग झालं तर."

नंतर मला आठवलं, की चुलतेही सुनेच्या बाळंतपणात स्वतः कोंबडी घेऊन आले होते. पाय बांधलेली, काखेत धरून, गळ्यात माळ. गावात कुणाला त्यात विशेष वाटलं नव्हतं.

हे घरातलं सगळं आज तुमच्यासमोर सांगितलं, त्याला एक कारण आहे. दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सूचना आली होती, की भाड्याने फ्लॅट देताना 'फक्त शाकाहारी कुटुंब' अशी अट घालावी, जिन्यात वास येतो. सूचना मांडणारे आपलेच स्नेही, मनाने सज्जन. त्यांना खरोखर त्रास होत होता. त्यांना वाटलं, मी आता सोडलं आहे तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. मी विरोधात उभा राहिलो. २०१४ च्या सरकारी सर्वेक्षणात आपल्या राज्यात दहातले साधारण चार शाकाहारी आणि सहा खाणारे निघाले. अशी अट घातली तर उद्या माझ्या मुलालाही या इमारतीत भाड्याने घर मिळायचं नाही, त्याचा बाप इथे राहत असूनसुद्धा. आणि ज्यांना शिजवायला मनाई आहे, अशांच्या शेजारी बसून माझे शेंगोळे मला गोड कसे लागणार? सूचना मागे घेतली गेली. त्याऐवजी जे ठरलं ते साधं होतं. प्रत्येक स्वयंपाकघराला एक्झॉस्ट पंखा, हाडं-काटे वेगळ्या पिशवीत बांधून सकाळीच खाली न्यायचे, जिन्यात कचरा ठेवायचा नाही, आणि एकादशी, महाशिवरात्रीला दारं-खिडक्या उघड्या टाकून मटण परतायचं नाही. हा शेवटचा मुद्दा ठरावात नाही, समजुतीचा आहे, आणि तो पाळला जातो. तेव्हा सूचना मांडणारे ते स्नेही आमच्या सौ.च्या दुखण्यात रोज दार वाजवून विचारपूस करून जायचे, आणि आत काय शिजतंय ते त्यांना कळत होतं.

आता उद्याच्या जेवणाबद्दल. कार्यकारिणीने ती जबाबदारी माझ्यावर टाकली आहे, म्हणून वेळ संपायच्या आत सांगून टाकतो. जेवण गच्चीवर, पंगत एकच. कोण काय खातो त्याप्रमाणे जागा ठेवलेल्या नाहीत. येसर आमटीचं पातेलं आधी चढेल, मटणाचं नंतर, येसर दोन्हीकडे एकाच डब्यातलं. शेंगोळे मी स्वतः वळणार आहे, मदतीला चार मुलं हवीत, हात धुऊन यावं. आंबील येळवशीसारखीच, पण दोन घागरी आहेत. मातीची घागर ताकातली, स्टीलची नुसत्या आंबवलेल्या पिठाची. वाढपी मुलांनी एक लक्षात ठेवा, लाल दोरा बांधलेला डाव मटणाचा. तो चुकूनही दुसऱ्या पातेल्यात जाता कामा नये. भाकऱ्या साडेबाराला तव्यावरून उतरायला लागतील, तेव्हा बरोबर साडेबाराला या.